कोंडलेल्या हवेच्या खुणा

गोटी सोड्याच्या बाटलीचं बूच आतून लागतं. एरवी बूच बाहेरून ठोकलेलं असतं आणि आतला वायू ते उडवायला टपलेला असतो. म्हणून बुचावर तार आवळा, लाख ओता, बाटली थंड जागी ठेवा, असले उपद्व्याप. हायरम कॉड नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८७२ साली हे भांडणच मिटवून टाकलं. बाटलीच्या गळ्यात आतल्या अंगाला खोबण, खोबणीत रबराचं कडं आणि आत काचेची एक गोटी. बाटली उलटी करून भरायची. गोटी वजनानं घरंगळत गळ्याशी येते, वायूचा दाब तिला रबरावर रेटतो, आणि मग बाटली सुलटी केली तरी ती जागची हलत नाही. वायू जितका जोर करेल तितकं बूच घट्ट. ऊन तापलं, आतला दाब वाढला, की बूच आणखी घट्ट. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि चोर इमानदार निघाला, असा हा प्रकार.

हा जोर किती असतो? सोड्याच्या बाटलीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे तीन वातावरणांनी जास्त असतो. गळ्याचं भोक एक चौरस सेंटिमीटरचं धरलं, तर गोटी खालून तीन किलोंच्या जोरानं वर रेटलेली असते. बाटली उघडायची तर अंगठ्यानं याहून जास्त जोर लावायला हवा. टपरीवरचा सोडावाला तो लाकडी दट्ट्यानं लावायचा, आणि मुरलेला असेल तर नुसत्या अंगठ्यानं. गोटी खाली गेली की गळ्याखालच्या कप्प्यात खुळखुळत राहते. तिथे काच दोन्ही बाजूंनी चिमटलेली असते, त्यामुळे ती तळाला जात नाही. शिवाय एका बाजूला काचेत दोन खळगे दाबलेले असतात, त्यांचे उंचवटे आत येतात. पिताना ती बाजू खाली धरली की गोटी उंचवट्यांमागे अडते आणि तोंडाशी परत येत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस बाटली कशीही तोंडाला लावायचा, गोटी टपकन् तोंड बंद करायची आणि आजूबाजूची पोरं हसायची.

आता खरा प्रश्न. गळ्यापेक्षा मोठी गोटी आत गेली कशी? कारागीर बाटली फुगवून घ्यायचा, ओठ अजून रुंद असतानाच गोटी आत टाकायचा आणि मग ओठ पुन्हा तापवून, चिमट्यानं आवळून, आतून खोबण पाडून पक्का करायचा. म्हणजे गोटी बाटलीत जन्मभरासाठी कोंडलेली. ती हवी असेल तर बाटली फोडायलाच हवी.

पोरांनी नेमकं तेच केलं. भारतात, इंग्लंडात, जिथे जिथे ही बाटली गेली तिथे तिथे तिचा काळ ठरली ती गोट्या खेळणारी पोरं. परिणामी जुनी अख्खी बाटली आज दुर्मीळ आणि फुटके गळे मात्र भरपूर. जुन्या बाटल्या जमवणारे लोक अख्ख्या बाटलीसाठी जीव टाकतात. मला विचाराल तर तुटका गळाच जास्त शहाणा. त्यात रबराची खोबण बोट घालून चाचपता येते, काचेची जाडी दिसते, ओठ नंतर आवळल्याची सुरकुती दिसते. अख्खी बाटली यातलं बरंचसं पोटात ठेवते. ओढ्याच्या वाळूत कधी साधी, रंगीत रेघ नसलेली, हिरवट काचेची गोटी सापडली, तर ती बहुधा अशाच एखाद्या बाटलीतून सुटलेली असते.

ही बाटली आपल्याकडे रुजली याला कारण आपला उन्हाळा. बुचाचं झाड युरोपचं, बूचही तिथल्या दमट तळघरासाठीचं. मार्च-एप्रिलच्या झळांत ते सुकतं, आकसतं आणि वायू निसटून जातो. त्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक तोडगा निघाला होता. बाटलीचं बूडच गोल करायचं, म्हणजे ती उभी राहूच शकत नाही. ती आडवी पडते आणि आतल्या पाण्यानं बूच ओलं राहतं. अंड्यासारख्या निमुळत्या बुडाच्या या जाड बाटल्या आजही छावण्यांच्या आसपास सापडतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे काय शस्त्र आहे असं वाटतं. कॉडच्या गोटीनं तो प्रश्नच संपवला. मुंबईत सोडावॉटरचा धंदा मुख्यत्वे पारशी मंडळींनी वाढवला. पालनजींचा सोडा १८६५ पासूनचा, ड्यूक्स १८८९ पासूनची. सोडावॉटरवाला हे आडनाव याच धंद्याची देणगी. आणि जाहीर सभा उधळायची तर सोडावॉटरच्या बाटल्या हव्यातच, ही प्रथाही. गोटीनं बंद केलेली जाड काचेची, दाबाखालची बाटली जोरात हलवून फेकली की ती नुसती फुटायची नाही, तिचा स्फोट व्हायचा. कॉडच्या पेटंटमध्ये हा उपयोग नोंदलेला नसणार.

अमेरिकेत विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये दातेरी पत्र्याच्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू बहुतेक जगानं गोटी सोडली. पत्र्याचं बूच पुन्हा बाहेरूनच लागतं. वायूशी भांडण पुन्हा सुरू, फक्त पत्रा भक्कम म्हणून निभतं.

कुठे पाहायचं

जुन्या बाटल्या शोधायला कुदळ लागत नाही. आपल्याकडे ते काम पाऊस करतो. जिथे गोऱ्यांच्या पलटणी होत्या (पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली, नगर) किंवा जिथे ते उन्हाळ्यात हवा खायला जात (महाबळेश्वर, माथेरान), तिथे बराकी आणि बंगल्यांच्या मागचा उतार हाच उकिरडा असे. राख, हाडं, फुटक्या बशा, बाटल्या, सगळं खाली ढकलून द्यायचं. शंभर पावसाळ्यांनी त्यावर माती चढवली, झाडं वाढवली, आणि तोच पाऊस आता ओढ्याचे काठ कापत ते पुन्हा उघडं पाडतो. पावसाळा सरला की दिवाळीच्या सुमाराला ताज्या कापलेल्या काठाशी जावं. काळसर राखेचा थर दिसला की थांबावं.

सापडलेल्या काचेला पहिला प्रश्न विचारायचा तो शिवणीचा. साच्यात फुगवलेल्या बाटलीच्या दोन्ही अंगांना साच्याच्या फटीची बारीक उभी रेघ उठते. ही रेघ गळ्यापर्यंत येऊन ओठाच्या खाली विरत असेल, तर ओठ नंतर हातानं केलेला आहे. कारागिराच्या हत्यारानं ती पुसली. रेघ थेट ओठावरून पलीकडे जात असेल तर बाटली यंत्रावरची. मायकेल ओवेन्स या अमेरिकनानं १९०३ च्या सुमाराला बाटल्यांचं पूर्ण स्वयंचलित यंत्र उभं केलं आणि तोंडानं फुंकणाऱ्यांचा धंदा बसत गेला. बुडाशी ओबडधोबड गोल व्रण असेल तर बाटली याहूनही जुनी. फुगवून झाल्यावर तिला बुडाशी सळई चिकटवून धरलं होतं आणि शेवटी ती झटका देऊन तोडली, त्याचा तो व्रण.

मात्र परदेशी पुस्तकांतलं हे कोष्टक आपल्याकडे जसंच्या तसं लावू नये. युरोप-अमेरिकेत यंत्रं आली तरी हिंदुस्थानात हातानं काच फुगवण्याचं काम कितीतरी वर्षं चालू होतं. माणशी एक पैसा मागत अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि जपान-अमेरिकेत काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तंत्र शिकवायला आले. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला, ज्याच्या प्रभाकर कंदिलानं वीज नसलेल्या महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना अभ्यासाला बसवलं. तेव्हा ओठाखाली विरलेली शिवण दिसली म्हणून लगेच व्हिक्टोरिया राणीपर्यंत जाऊ नये. ती बाटली स्वदेशी चळवळीनंतरची, आणि इथलीच असू शकते.

दुसरा प्रश्न रंगाचा. जुन्या साध्या काचेची निळसर-हिरवी झाक कोणी मुद्दाम घातलेली नसते. वाळूतलं लोखंड ती देतं. ती घालवायला काचवाले भट्टीत थोडं मँगनीज टाकत आणि काच पांढरी स्वच्छ निघे. पण ही काच वर्षानुवर्षं उन्हात पडली, तर सूर्याचे अतिनील किरण मँगनीजची अवस्था बदलतात आणि काच चक्क जांभळी होते. बनवताना रंग घालवायला जे टाकलं, तेच उन्हात स्वतःचा रंग दाखवतं. याउलट जी काच ओल्या मातीत गाडलेली राहिली तिच्यातला सोडियम पाणी हळूहळू ओढून घेतं, मागे सिलिकाचे अतिशय पातळ पापुद्रे उरतात, आणि त्यांच्यावरून परतणारे प्रकाशाचे किरण एकमेकांत मिसळून मोरपंखी रंग उठतात. लोक तो मळ समजून घासून काढतात. काढू नये. काच जमिनीत ओल खात होती याची ती वही आहे.

आता दोन रुक्ष गोष्टी, पण त्या सांगायलाच हव्यात. दगड उचलताना हात खाली घालू नका, काठीनं उलटा. फुरशाला दगडाखालची सावली आवडते. आणि किल्ले, लेणी, संरक्षित स्मारकं यांच्या आवारात काहीही खणू वा उचलू नका. तो गुन्हा आहे. एरवीही १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून जिवंत आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. दहा रुपयांत तेव्हा काय काय येत असेल याचा विचार करत बसायला हरकत नाही. उकिरड्यातला बाटलीचा फुटका गळा या कायद्याच्या मनात नव्हता, पण नाण्यांचं गाडगं लागलं तर ते पिशवीत टाकून घरी आणायचं नाही, एवढं पक्कं.

किनाऱ्यावरून थोडं

ओढ्याचं सगळं शेवटी समुद्राकडे जातं. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची ओली रेघ जिथे कचरा टाकून मागे फिरते, तिथे जून ते सप्टेंबर हा वेगळाच बाजार असतो. लाटांनी कडा बोथट केलेले काचेचे तुकडे तर असतातच. त्यांच्या शेजारी कधी तळहातात भरेल एवढी, तपकिरी, चकचकीत, चपटी बी सापडते. ती गारंबीची. सह्याद्रीत ही प्रचंड वेल झाडांवर चढते, तिची शेंग मीटरभर लांब, आणि ओढ्यात पडलेली बी नदीवाटे समुद्रात जाते. एवढी जड दिसणारी बी बुडत का नाही? तिच्या दोन डाळिंब्यांच्या मध्ये पोकळी असते आणि तीत हवा कोंडलेली असते. बाहेरचं टरफल इतकं पक्कं की खारं पाणी महिनोन् महिने आत शिरत नाही. गारंबीची अमेरिकेतली एक बहीण कॅरिबियन समुद्रातून निघून थेट नॉर्वेच्या किनाऱ्याला लागते. तिथल्या थंडीत ती रुजणार नाही, हे तिला कोण सांगणार!

याच दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर ‘ब्लू बॉटल’ येतात. या निळ्या बाटल्यांना मात्र हात लावायचा नाही. त्यांचं शास्त्रीय नाव फायसेलिया. हा एक प्राणी नव्हे, एकमेकांना जोडलेल्या अनेक जिवांची वसाहत आहे. वर वाऱ्यावर तरंगणारा निळा फुगा, खाली आग लावणारे धागे. त्या फुग्यातला वायू नुसती हवा नसते. त्यात कार्बन मोनॉक्साइडही असतो, तोच विषारी वायू जो बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर माणसं मारतो. हा जीव तो स्वतः तयार करतो. आणि त्याला खाणारी जांभळी गोगलगाय, जँथिना, तीही पाण्यावरच जगते. पायानं हवा पकडायची, तिच्याभोवती चिकट द्रव गुंडाळायचा, असे बुडबुडे जोडत तराफा करायचा आणि त्याला उलटं लटकून आयुष्य काढायचं. तराफा सुटला तर ती बुडते. किनाऱ्यावर सापडतो तो तिचा कागदासारखा पातळ, जांभळा शंख. (काही मोठे शंख-शिंपले वन्यजीव कायद्याखाली येतात. जिवंत तर काहीच उचलू नये.)

काचेतला बुडबुडा, कातळातला बुडबुडा

पुन्हा त्या ओढ्यातल्या तुटक्या गळ्याकडे येऊ. तो उन्हासमोर धरला की आत बारीक बुडबुडे दिसतात. काच करताना वाळूत सोडा आणि चुनखडी घालतात. भट्टीत ती तापली की त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि दाट, चिकट रसात त्याचे बुडबुडे अडकतात. ते सगळे वर येऊन फुटायचे तर भट्टी खूप तापायला हवी आणि रस बराच वेळ तसाच राहायला हवा. लहान भट्ट्यांना आणि घाईतल्या कारखान्यांना ते परवडत नसे. योगायोग पाहा: बाटलीच्या पोटात भरला तोही कार्बन डायऑक्साइड, आणि काचेच्या अंगात कोंडला तोही बहुतांशी तोच. पोटातला सोडा प्यायला गेला त्या दिवशीच उडाला. अंगातला अजून तिथेच आहे, त्या दिवशीच्या भट्टीतला.

या बुडबुड्यांचा आकार नीट पाहा. बाटलीच्या पोटाशी ते गोल किंवा किंचित चपटे असतात. गळ्याशी लांबट होतात, उभे ताणलेले. कधी तिरके वळलेले, म्हणजे कारागिरानं नळी फिरवत काच ओढली. बुडबुडा कोंडला तेव्हा गोल होता; काच ज्या दिशेला वाहिली त्या दिशेला तो तिच्यासोबत ताणला गेला आणि काच थिजली तसा तोही थिजला. हात कुठल्या दिशेला ओढत होता हे तो बुडबुडा सांगतो. कारागिराचं नाव कुठेच नाही, पण त्याची हालचाल नोंदलेली आहे.

आणि आता ज्या दगडावर उभं राहून तुम्ही हे पाहताय त्या दगडाकडे पाहा. पुण्याचा, नाशिकचा, साताऱ्याचा ओढा असेल तर तो बहुधा काळा बसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. त्याचे थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घाटातून जाताना डोंगर आडव्या पट्ट्यांचा दिसतो, तो एकावर एक निजलेल्या या थरांमुळे. या लाव्ह्यातही वायू होता: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू. खोलवर दाबाखाली विरघळलेला हा वायू वर येताच सुटला. बाटली उघडल्यावर सोड्याचं जे होतं तेच, फक्त हजाराहून जास्त अंश सेल्सिअसला. लाव्हा थिजला आणि बुडबुडे जागच्या जागी राहिले.

विहिरी खणणाऱ्यांना हा भोकाभोकांचा थर नीट ठाऊक असतो. ते त्याला मांजऱ्या म्हणतात. अखंड काळ्या पाषाणात सुरुंग लावूनही पाणी लागत नाही, मांजऱ्या कुजलेला लागला की पाझर फुटतो, हे त्यांचं शास्त्र.

पण मला सगळ्यात थक्क करतात ते लाव्ह्याच्या थराच्या अगदी तळाशी सापडणारे उभे बुडबुडे. हे गोल नसतात. बोटभर लांब नळ्यांसारखे, एकाशेजारी एक उभे. खालच्या थंड जमिनीवर लाव्हा थिजू लागला, तसतसा सुटलेला वायू वर चढत गेला आणि मागे नळी राहिली. आणि कित्येकदा या नळ्यांची वरची टोकं एका बाजूला वाकलेली असतात, सगळ्यांची एकाच बाजूला. लाव्हा तेव्हा जिकडे सरकत होता तिकडे. भूशास्त्रज्ञ या वाकण्याचा उपयोग लाव्हा कुठून कुठे वाहत होता हे ठरवायला करतात. म्हणजे बाटलीचा गळा आणि डोंगराचा तळ, दोन्हीकडे वाचायची रीत एकच आहे: बुडबुडा कुठे झुकलाय ते पाहा. एकात कारागिराचा हात आहे, दुसऱ्यात दख्खनचा उतार.

रस्ता रुंद करताना ताज्या कापलेल्या दरडीत या नळ्या पांढऱ्या दिसतात, कारण त्या आता रिकाम्या नाहीत. वायू कधीच गेला, त्याच्या जागी दगडाला पाणी मिळालं. खडकातून झिरपणाऱ्या गरम पाण्यानं सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम विरघळवून घेतलं आणि पोकळीत शिरून भिंतींवर स्फटिक रचले, बाहेरून आत, थरावर थर. कुठे गारगोटी आणि अकीक, कुठे झिओलाइट. हे सारं लाव्हा थंड होताच झालं असं नाही. काही पोकळ्यांत स्फटिक वाढले ते लाव्ह्यानंतर कोट्यवधी वर्षांनी.

बोरघाटातून लोहमार्ग नेताना (घाट १८६३ मध्ये खुला झाला) सुरुंगांनी डोंगर फोडला, तेव्हा आतून असे स्फटिक निघाले की ते युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. स्टिल्बाइटचे गुलाबी-केशरी पुंजके, स्कोलेसाइटच्या एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया, आणि अपोफिलाइट, जो कधी पाण्यासारखा नितळ तर कधी हिरवा. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचं खनिज मिळालं, इतकं गर्द निळं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते रंगवलेलं वाटतं. ते प्रथम सापडलं अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९६७ साली, पण त्याचे उत्तम नमुने जगाला दिले ते वाघोलीनं. अपोफिलाइटचा हिरवा आणि कॅव्हन्साइटचा निळा, दोन्ही रंग एकाच धातूचे: व्हॅनेडियमचे. बाटलीच्या हिरव्याला लोखंड, या स्फटिकांना व्हॅनेडियम. काच असो की स्फटिक, इथे रंगाचं काम धातूवर चालतं. हे प्रत्यक्ष पाहायचं तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठावं. तिथल्या काही नमुन्यांसमोर उभं राहिलं की आपल्या घराच्या पायाखालचा काळा दगड आतून असा असेल यावर विश्वास बसत नाही.

झिओलाइटची आणखी एक खोडी आहे. १७५६ साली अक्सेल क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं असा दगड तापवून पाहिला, तर तो फेसाळला आणि त्यातून वाफ निघाली. कोरडा दिसणारा दगड पाणी धरून बसला होता. झिओलाइटच्या आत सिलिका आणि ॲल्युमिनियमची जाळी असते, तिची छिद्रं मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान. त्यांत पाण्याचे रेणू राहतात, तापवलं की निघून जातात, जाळी मात्र शाबूत राहते. बुडबुड्याच्या पोकळीत वाढलेला हा दगड स्वतःच पोकळ्यांचा बनलेला. या जाळीचं मोल माणसाला कळलं तेव्हा त्यानं ती कारखान्यात बनवायला घेतली. कोविडच्या दिवसांत घरोघरी जी ऑक्सिजनची यंत्रं पोचली त्यांत हेच कृत्रिम झिओलाइट होतं. खोलीतली हवा दाबून त्यावर सोडली की ते नायट्रोजनचे रेणू धरून ठेवतं आणि पलीकडे नव्वद टक्क्यांच्या वर ऑक्सिजन निघतो. दाब कमी केला की नायट्रोजन सोडून देतं आणि पुन्हा तयार. त्या यंत्राचा लयीत येणारा फुस्स आवाज म्हणजे हवा कोंडणं आणि सोडणं.

शेवटी एक शोध, ज्यापुढे बाकी सगळं मला लहान वाटतं. थिजलेल्या लाव्ह्यातल्या बुडबुड्यांवरून त्या दिवशीच्या हवेचा दाब काढता येतो. तर्क सोपा आहे. लाव्ह्याच्या थराच्या माथ्यावरच्या बुडबुड्यावर फक्त हवेचं ओझं असतं. तळाच्या बुडबुड्यावर हवेचं अधिक लाव्ह्याचं. साधारण चार मीटर जाडीच्या लाव्ह्याचं वजन आजच्या एका वातावरणाएवढं भरतं. म्हणजे चार मीटरच्या थरात आज वर एक वातावरण, खाली दोन. खालचा बुडबुडा वरच्याच्या निम्म्या आकारमानाचा होईल. पण हवा विरळ असती, समजा आजच्या पाव, तर वर पाव आणि खाली सव्वा, फरक पाचपट. फरक जितका मोठा, हवा तितकी पातळ.

सांजॉय सोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बीझ्ली नदीकाठच्या सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर हा हिशेब केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला: तेव्हाच्या हवेचा दाब आजच्या निम्म्याहूनही कमी होता. तोवर बऱ्याच जणांची समजूत उलटी होती. तेव्हाचा सूर्य आजच्यापेक्षा मंद, तरी समुद्र गोठलेले नव्हते. म्हणजे पृथ्वीभोवती जाड हवेचं पांघरूण असणार, असा कयास होता. त्या ऑस्ट्रेलियन दगडातले बुडबुडेही आपल्या मांजऱ्यातल्यासारखेच खनिजांनी भरून गेलेले होते. खडकाच्या गाभ्यांची क्ष-किरणांनी छायाचित्रं काढली तेव्हा ती भरलेली खनिजं भोवतालच्या लाव्ह्यापासून वेगळी दिसली, आणि एकेका बुडबुड्याचं आकारमान मोजता आलं.